गळ्यातलं गाडगं, कागदावर

महाडचं चवदार तळं आपल्या उलवे-पनवेलच्याच रायगड जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं आणि माणूसपणाचा हक्क बजावला. तो हक्क ज्यांना नाकारला गेला, त्यांना चित्रात मध्यभागी उभं करणाऱ्यांत सवी सावरकर यांचं नाव आवर्जून घ्यायला हवं. १९६१ साली नागपुरात जन्मलेले सवी बडोद्याला छापचित्रण शिकले आणि पुढे दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिक्षक झाले. त्यांच्या चित्रांत पेशवाईतला अस्पृश्य भेटतो: गळ्यात थुंकीसाठी गाडगं, सोबत पावलांच्या खुणा पुसणारा झाडू. देवदासी भेटते. आकृत्या खडबडीत, रेषा जाड आणि काळी. गोडवा आणण्याची धडपड कुठेच नाही. या चित्रांचं नातं दूरवर, अमेरिकेपर्यंत पोहोचतं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं. १९६६ साली अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर ही कृष्णवर्णीयांची संघटना उभी राहिली. तिच्या वृत्तपत्रात एमरी डग्लस यांनी गरीब वस्त्यांतली कृष्णवर्णीय माणसं ठसठशीत रेषांत, ताठ मानेनं उभी केली. याच ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर जन्मली. तिच्या कविता आपण वाचल्या. त्याच जाणिवेची चित्रं मात्र फार थोड्यांनी पाहिली आहेत. उलवे-पनवेलच्या शाळांनी वरच्या वर्गांच्या चित्रकलेच्या तासाला निसर्गचित्रांच्या जोडीनं सवी आणि डग्लस शेजारी-शेजारी दाखवावेत आणि मुलांना त्यांवर मोकळेपणानं बोलू द्यावं.