नव्या रोपाची तहान

मृगाच्या सरींवर हौसेने लावलेली जास्वंद श्रावणातच माना टाकते, आणि घरची मंडळी हळहळतात, "रोज न चुकता पाणी घातले, तरी गेली!" पुष्कळदा ती रोज पाणी घातल्यामुळेच गेलेली असते.

आदिलाबाद जिल्ह्यात, विशेषतः पैनगंगेच्या बाजूच्या गावांत, जमीन बहुधा काळी, कापसाची. ही माती भिजली की फुगते, आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. पाणी तुंबले म्हणजे तिच्यातील हवा निघून जाते, मुळे गुदमरून कुजतात व पाने लोंबू लागतात. तहानेलेले रोपही नेमके असेच दिसते! मग आपण तांब्या घेऊन धावतो. मी स्वतः एक मोगरा असाच बुडवून मारला आहे.

यास्तव पानांवर भिस्त न ठेवता मातीला विचारावे. बुंध्याजवळ चार बोटे खोल काडी खुपसावी. ओली माती चिकटून आली, तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

काडी बुंध्याजवळच का? रोपवाटिकेच्या पिशवीतले रोप हलक्या, खतमिश्रित मातीत वाढलेले असते. २०१५ साली तेलंगणात हरितहारम योजना सुरू झाली, तेव्हापासून अशी रोपे कितीतरी अंगणांत आली. लावल्यावर काही आठवडे त्यांची मुळे त्या मूळच्या गोळ्यातच असतात. भोवतालची काळी माती ओली असूनही गोळा कोरडा पडू शकतो. म्हणून आरंभी पाणी गोळ्यावरच द्यावे. नवी पालवी फुटू लागली की आळे हळूहळू रुंद करीत न्यावे, म्हणजे मुळे पाण्यामागे बाहेर धावतील.

पाऊस सरल्यावर रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने घागरभर द्यावे, तेही दोन वेळा थांबून, जिरू देऊन. वरवर शिंपडलेल्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि चैत्राच्या उन्हात होरपळतात. भेगा पडल्या असतील तर आधी खुरप्याने माती हलवून त्या बुजवाव्यात, नाहीतर डोक्यावरून वाहून आणलेली घागर थेट पाताळात जाते! वर वाळका पाला किंवा गवत तीन बोटे जाड पसरावे, मात्र बुंध्याला टेकवू नये.

वैशाखात, पारा ४५ अंशांकडे झुकतो तेव्हा, रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलेले साधे मातीचे मडके फार उपयोगी पडते. ते भरून झाकून ठेवले की पाणी पाझरत राहते. चीनमध्ये ही रीत दोन हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होती. आकसणारी काळी माती मडके तडकवू नये म्हणून त्याच्या भोवती वाळू व शेणखत घालावे.

आणि पुन्हा मृग आला, की आळ्याचा बांध उताराच्या बाजूने फोडून ठेवावा.