मुक्या प्राण्यांना मत नसते

प्राणिरक्षण हा दयाळू माणसांच्या फुरसतीचा विषय आहे, असा समज आपल्या राजकीय वर्तुळात रूढ आहे. बेकारी आणि महागाई समोर उभी असताना कासवांची चिंता कशाला, असे पुरोगामी म्हणविणारे कार्यकर्तेही विचारतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील अनुभव या समजाला छेद देणारा आहे.

मंडणगड तालुक्यातील वेळासच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या अंडी घालावयास येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्री कासवांना अभय देऊ केले. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे घरटी लुटली जातच होती. कारण कायदा दिल्लीत होता, पुळणीवर नव्हता. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांनाच राखणदार केले. अंडी कुंपणात सुरक्षित राहू लागली. समुद्राकडे निघालेली पिले पाहावयास येणाऱ्यांची जेवणराहण्याची सोय गावातील घरांतून होऊ लागली. कासव जगल्याने गावाच्या पदरी चार पैसे पडले, तेव्हा कुठे कायद्याला हातपाय फुटले.

पुळणीवर जे घडले ते समुद्रात घडणे अधिक कठीण. जाळ्यात कासव अडकले तर ते सोडविण्यासाठी पुष्कळदा जाळे कापावे लागते. कर्ज काढून जाळे घेतलेल्या मच्छीमाराने भूतदयेपोटी आपले हत्यार तोडावे, अशी अपेक्षा करणे शहरातील सुखवस्तू माणसाला सोपे वाटते. महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या अखेरीस अशा मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय घेतला. रक्कम मोठी नाही, पण त्यामागील तत्त्व मोठे आहे. प्राणी साऱ्या समाजाचा असेल, तर त्याच्या रक्षणाचा खर्चही साऱ्या समाजाने सोसला पाहिजे. हा समाजवादी न्यायच होय.

हे तत्त्व कायद्यात उतरवावयाचे तर विधिमंडळावर दबाव हवा. तो नसला की काय होते, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने दाखविले आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक आणून चिकाटीने पाठपुरावा केला, म्हणून तो कायदा झाला. त्यात पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड ठरला. दुरुस्तीचा मसुदा केंद्राने प्रसिद्ध केला तो २०२२ साली, म्हणजे ६२ वर्षांनी! उलट, बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घालताच आपल्या विधिमंडळाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये ती न्यायालयात टिकलीही. शर्यतीच्या बाजूने संघटित मतदार उभे होते. बैलाला मत नव्हते. राग मानण्यापेक्षा यातून धडा घ्यावा हे बरे.

तो धडा असा की, केवळ शिक्षा वाढवा म्हणणारी चळवळ गरिबाच्या दारी पोलीस धाडते आणि प्राण्याला शत्रू मिळवून देते. रानडुकरांनी शेत उद्ध्वस्त केलेला शेतकरी फासकी लावतो आणि तीत बिबट्या अडकतो. येथे नुसत्या तुरुंगाच्या धाकाने ना शेत वाचते ना बिबट्या.

म्हणून मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास रत्नागिरीकरांनी तीन गोष्टी विचाराव्यात. कापलेल्या जाळ्याची भरपाई जाळ्यांच्या चालू किमतीप्रमाणे वाढवून ती ठराविक मुदतीत देणार काय? पिकाच्या नुकसानीचा पंचनामा वेळेवर होईल इतकी माणसे वनखात्याला देणार काय? घरटी राखणाऱ्या गावकऱ्याचे मानधन अंदाजपत्रकात कायम करणार काय? या प्रश्नांची उत्तरे सभेत, चारचौघांसमक्ष मागावीत. कासव सभेला येऊ शकत नाही. त्याच्या वतीने मच्छीमार आणि शेतकरी आले, तर सरकारला ऐकावेच लागेल.