बदल झाला, पण पोचला कुठे?

दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडून ऊसतोड टोळ्या निघू लागतात. उचल घेतलेली असते, मुकादमाची गाडी ठरलेली असते आणि जाण्याआधी आधारचा मोबाइल नंबर, बँक, रेशनकार्ड नीट करून घ्यायला माणसे आपल्या आधार-सेवा केंद्रांवर येतात. चार दिवसांनी तीच परत येतात: ‘बदल केला, पण मोबाइलमध्ये जुनंच दिसतंय.’

अशा वेळी आपल्यापैकी अनेक केंद्रचालक पुन्हा अर्ज भरतात. हे थांबायला हवे. बदल सर्व्हरवर होतो. मोबाइलमध्ये असते ती त्याची प्रत. ॲप दर वेळी सर्व्हरला विचारत नाही, साठवलेले दाखवते. लॉगिनच्या वेळी मिळालेले टोकनही मुदत संपेपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत चालते. म्हणून पासवर्ड बदलूनही जुन्या हँडसेटवर खाते उघडे राहू शकते. बदल मंजूर झाला आहे ना, एवढे आधी तपासा. झाला असेल तर आधार ॲपमधले प्रोफाइल आणि डिजिलॉकरमधला दस्तऐवज रिफ्रेश करा. आधी डाउनलोड केलेली ई-आधारची पीडीएफ मात्र कधीच बदलत नाही. ती नव्याने घेऊन जुनी पुसायची.

जास्त नुकसान होते ते दुसऱ्याच ठिकाणी. आधारमधला नंबर बदलला म्हणून बँकेतला बदलत नाही. ती प्रत नव्हे, स्वतंत्र नोंद आहे. कितीही थांबले तरी तिथे काही पोचणार नाही, बँकेत वेगळा अर्ज द्यावाच लागतो. एनपीसीआयच्या आधार मॅपरचेही नीट समजून घ्या. तिथे खाते क्रमांक नसतो, शेवटी जोडलेल्या बँकेची नोंद असते. नवी बँक जोडली की आधारवर येणारे अनुदान तिकडे वळते, आणि बाई जुन्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघत बसते. पैसे बुडाले, असेच तिला वाटते.

थांबायचे की वेगळा अर्ज करायचा, हे तिला सांगणारे गावात आपणच आहोत. चुकीचे सांगितले तर ती सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडात असताना त्याची किंमत मोजते: एक खाडा, बुडालेली मजुरी, अनोळखी गावातली बँक.

म्हणून पावतीच्या मागे लिहून द्या: बदल कुठे नोंदला, कोणते ॲप रिफ्रेश करायचे, कोणत्या कार्यालयात वेगळा अर्ज बाकी आहे. आणि सोबत न्यायचा मोबाइल समोर ठेवून, नव्या सिमवर ओटीपी येतो का, हे गाडी निघायच्या आधीच बघा.