प्रवेश मिळाला, अध्यापनाचे काय?

नवी दिल्ली – उच्च शिक्षणातील दिव्यांग विद्यार्थ्यांचा लढा आजवर मुख्यतः दोन ठिकाणी लढला गेला. एक प्रवेशाच्या यादीत आणि दुसरा परीक्षागृहात. आरक्षण किती, अपंगत्वाचे प्रमाणपत्र कोणाचे ग्राह्य धरायचे, लेखनिक कोण देणार, वाढीव वेळ किती, या प्रश्नांवर गेल्या दशकात न्यायालयांनी एकामागून एक स्पष्ट निकाल दिले. प्रवेश आणि परीक्षा यांच्या मधली तीन वर्षे, म्हणजे रोजच्या तासिका, फळा, टिपणे आणि प्रयोगशाळा, हा भाग मात्र चर्चेच्या कडेलाच राहिला. पदवी मिळते की शिक्षण अर्ध्यावर सुटते, हे प्रत्यक्षात याच भागात ठरते.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या 2020-21 च्या अहवालानुसार देशात 4 कोटी 13 लाखांहून अधिक विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांपैकी दिव्यांग विद्यार्थी सुमारे 79 हजार, म्हणजे हजारामागे दोनही नव्हते. 2011 च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत दिव्यांगांचे प्रमाण 2.21 टक्के नोंदले गेले होते आणि ती मोजणी अपंगत्वाच्या जुन्या, मर्यादित वर्गवारीवर आधारलेली होती. शाळेतच झालेली गळती हे या तफावतीचे मोठे कारण आहे, यात शंका नाही. परंतु महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोचलेल्यांना आत काय मिळते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा एप्रिल 2017 पासून लागू झाला. अपंगत्वाचे 7 प्रकार वाढून 21 झाले. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील आरक्षण 3 वरून किमान 5 टक्के झाले. कलम 16 मध्ये शासनमान्य शैक्षणिक संस्थांनी भेदभाव न करता समावेशक शिक्षण द्यावे, इमारती व परिसर सुगम ठेवावा, प्रत्येकाच्या गरजेनुसार योग्य त्या सोयी कराव्यात आणि अंध वा कर्णबधिर विद्यार्थ्याला त्याला अनुरूप अशा भाषेत व माध्यमातून शिकवावे, असे म्हटले आहे. शब्द पुरेसे व्यापक आहेत.

पुढच्याच कलमात मात्र एक बारकावा आहे, ज्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. कलम 17 मध्ये समावेशक शिक्षणासाठी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सांगताना 'शालेय शिक्षणाचे सर्व स्तर' असा उल्लेख येतो. महाविद्यालय त्यात येत नाही. शाळेच्या शिक्षकाला किमान बी.एड. करताना समावेशक शिक्षणाची तोंडओळख होते. महाविद्यालयीन प्राध्यापक नेट, सेट किंवा पीएच.डी.च्या बळावर थेट वर्गात उभा राहतो. विषयाचे ज्ञान तपासले जाते. शिकवावे कसे, हे तो बहुधा स्वतःच्या प्राध्यापकांना आठवून ठरवतो. त्यात तासिका तत्त्वावर नेमलेला, दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करून महिन्याचे गणित जुळवणारा अध्यापक असेल, तर एका विद्यार्थ्यासाठी टिपणे वेगळ्या स्वरूपात तयार करावीत ही अपेक्षा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दोष एकट्या प्राध्यापकाचा नाही. हे काम कोणाचे, हेच व्यवस्थेने ठरवलेले नाही.

वर्गात नेमके काय घडते? प्राध्यापक फळ्यावर समीकरण लिहितात आणि "हे इकडून तिकडे घेतले की हे मिळते" असे म्हणतात. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या हाती त्यातले काहीच लागत नाही. समीकरण लिहिता लिहिता तेच शब्दांत उच्चारले, तर लागते. त्यासाठी ना निधी लागतो, ना परिपत्रक. फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या प्राध्यापकाचे ओठ कर्णबधिर विद्यार्थ्याला दिसत नाहीत. वर्गाकडे वळून बोलण्यालाही खर्च नाही. पंख्यांच्या घरघरीत मागच्या बाकांवर बसलेले इतर साठ जणही त्याबद्दल आभारच मानतील.

सर्वच अडचणी इतक्या स्वस्तात सुटणाऱ्या नाहीत. भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत 2015 मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या शब्दकोशात आता 10 हजारांहून अधिक शब्द आहेत. परंतु अर्थशास्त्राचा किंवा जैवरसायनशास्त्राचा तास पूर्ण वेळ भाषांतरित करायचा, तर विषयाची जाण असलेला दुभाषी हवा, त्याचे मानधन हवे आणि त्या विषयाच्या परिभाषेला रूढ खुणा हव्यात. यांपैकी एकही गोष्ट तालुक्याच्या महाविद्यालयाला एकट्याने उभी करता येणारी नाही. ही जबाबदारी विद्यापीठाने किंवा राज्याने उचलावी लागेल.

मराठी माध्यमापुढे आणखी एक अडचण आहे. दृष्टिहीन विद्यार्थी आज मोबाईल व संगणकावरील स्क्रीन रीडरच्या आधारे वाचतात. एनव्हीडीएसारखी प्रणाली विनामूल्य आहे आणि ती मराठीही वाचते. मात्र मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. मराठीतील असंख्य क्रमिक व संदर्भ पुस्तके डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. पडद्यावर ती सुवाच्य मराठी दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग असते आणि स्क्रीन रीडर तीच वाचून दाखवतो. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून व्हॉट्सॲपवर फिरणारी टिपणे तर निव्वळ छायाचित्रे असतात. म्हणजे प्राध्यापकांनी पीडीएफ पाठवली, विद्यार्थ्याला ती मिळाली, नोंदवहीत 'अध्ययन साहित्य पुरवले' अशी नोंद झाली, आणि तरी एक ओळही वाचली गेली नाही. बडोदा, हैदराबाद किंवा वाराणसीत मराठी विषय घेऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे ही अडचण दुणावते, कारण तेथे मराठीतून वाचून दाखवणारा सोबतीही सहज मिळत नाही.

येथे कायद्याचा अडसर नाही, हे विशेष. 2012 च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायद्याने दिव्यांगांसाठी पुस्तकांचे सुगम स्वरूपात रूपांतर करण्यास मुभा दिली. अशा पुस्तकांच्या देवाणघेवाणीचा मराकेश करार मान्य करणारा भारत 2014 मध्ये जगातील पहिला देश ठरला. 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय 2016 पासून सुरू आहे. मुभा आहे, तंत्र आहे, व्यासपीठ आहे. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने पुस्तक नेमताना प्रकाशकाकडे युनिकोड प्रत मागावी, एवढी अट घातली तरी बराच फरक पडेल.

ज्यांचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही, त्यांची स्थिती अधिक अवघड आहे. अध्ययन अक्षमता 2016 च्या कायद्यात समाविष्ट झाली. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षांत अशा विद्यार्थ्यांना सवलती मिळतात, त्यामुळे ते महाविद्यालयात येऊ लागले आहेत. येथे मात्र अनेक जण प्रमाणपत्र दप्तरातून बाहेर काढतच नाहीत, कारण 'आळशी' आणि 'सवलती मागणारा' हे दोन्ही शिक्के नकोसे असतात. 2021 मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही, असे सांगितले. ऑक्टोबर 2024 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका वैद्यकीय प्रवेशाच्या अपिलात, केवळ टक्केवारीवरून विद्यार्थ्याला अपात्र ठरवता येत नाही, त्याची प्रत्यक्ष क्षमता तपासावी लागेल, असा निर्वाळा दिला. दोन्ही निकालांचा आशय एकच : माणूस पाहा, आकडा नव्हे. वर्गातील अध्यापनाला हाच निकष कोणी लावलेला नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत इमारतींबरोबरच अध्ययन साहित्य, अध्यापन आणि मूल्यमापन यांचाही विचार आहे. नॅकच्या मूल्यांकनातही दिव्यांगस्नेही परिसरासाठी स्वतंत्र निकष राहिला आहे. त्याचा परिणाम उताररस्ते, लिफ्ट आणि स्वच्छतागृहे यांच्या रूपाने अनेक महाविद्यालयांत दिसतो, आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. पण समितीला उताररस्त्याचे छायाचित्र दाखवता येते. फळ्यावरचे समीकरण मोठ्याने वाचले गेले की नाही, याचे छायाचित्र निघत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात याच दुखण्यावर बोट ठेवले. 2017 च्या नियमांतील नियम 15 हा सुगमतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात मांडतो आणि म्हणून तो मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरवले. बंधनकारक नियम तयार करण्यासाठी केंद्राला 3 महिन्यांची मुदत देण्यात आली. एप्रिल 2025 मध्ये डिजिटल सुविधांपर्यंतची पोहोच हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचेही न्यायालयाने म्हटले. अधिनियमाच्या कलम 89 मध्ये पहिल्या उल्लंघनासाठी 10 हजार आणि पुढील उल्लंघनांसाठी 50 हजार ते 5 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र 'करावे' असे म्हणणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांचे उल्लंघन सिद्ध करणे कठीण असते.

त्यामुळे बंधनकारक नियमांत 'सुगमता' या शब्दाची व्याप्ती किती धरली जाते, याला महत्त्व आहे. ती जिने आणि दरवाजांपाशी थांबली, तर महाविद्यालये बांधकाम विभागाकडे प्रस्ताव पाठवून मोकळी होतील. नेमलेली पुस्तके, ऑनलाइन वर्गांतील चित्रफितींवरील मथळे, प्रवेश व निकालाची संकेतस्थळे आणि अध्यापकांचे प्रशिक्षण त्यात आले, तर विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना आणि वित्त समित्यांना आपल्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा लागेल. आज तो बहुतेक ठिकाणी समान संधी कक्षाच्या एका प्राध्यापकाकडे, नियमित अध्यापनाव्यतिरिक्तचे काम म्हणून सोपवलेला असतो.