खाल्ली कुणीच नाही, पण कोंबडी मेली!

मांस खाणारा पापी की न खाणारा पुण्यवान, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. मालगुंडात तर तो रोज दुपारी रस्त्यावर उभा असतो. हाकेच्या अंतरावर गणपतीपुळ्याचा बाप्पा आणि घराच्या मागे समुद्र! सकाळी दर्शन घेऊन मोदक खाणारा पाहुणा दुपारी सुरमई शोधत फिरतो. एकाच गाडीत बाप सोलकढीबरोबर बांगडा मागतो, आई म्हणते आज संकष्टी, आजोबांना कांदासुद्धा चालत नाही. मग गाडी हळूहळू पुढे सरकते आणि आतले सगळे रस्त्याकडेचे बोर्ड वाचत बसतात. हळूहळू सरकली तर ठीक, पण ती तशी सरकत नाही ना!

परवा शनिवारची गोष्ट. कलमांच्या मोहोरावरचे तुडतुडे बघून मी दुचाकीवरून परतत होतो. वाडीतल्या वळणावर माणसं जमलेली. मधोमध एक मोठी पांढरी गाडी, गाडीपुढे कमरेवर हात ठेवून एक आजी, आणि चाकाखाली कोंबडी. गाडीतले गृहस्थ शंभराची नोट पुढे करून उभे होते.

"शंभरात काय येतंय? अंड्यावरची तलंग व्हती ती!" आजी म्हणाली.

"अहो, आम्ही शुद्ध शाकाहारी माणसं. आम्हाला कोंबडीतलं काय कळणार?"

"मग मारलीत कशाला? आमी मारतो ती खातो तरी. तुमी खात पण नाय नि मारता!"

माणसं हसली. मीही हसलो. मग मला बघून आजीने हिशेब माझ्यावर टाकला. शेतीखात्याचा माणूस म्हटल्यावर सुटका नाही. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. खुडूक झाली की दहा-बारा अंड्यांवर बसते आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं काढते. म्हणजे चाकाखाली आली ती एक कोंबडी नव्हे, एका म्हातारीचा वर्षाचा मीठमिरचीचा खर्च होता. गृहस्थ समजूतदार निघाले. त्यांनी मुकाट पाचशे दिले.

गाडी त्यांचा मुलगा चालवत होता. त्याला विचारलं, "काय झालं रे?" तो खाली मान घालून म्हणाला, "काका, बोर्ड वाचत होतो. नुसतं शाकाहारी आहे की दोन्ही मिळतं ते."

माझं हसू तिथेच थांबलं. कारण तेवढ्यात आजीची पाच वर्षांची नात बेड्यातून बाहेर आली, मुठीत कणी घेऊन. ती त्याच कोंबडीच्या मागे धावत होती. दोन पावलं मागे राहिली, एवढंच.

आता हिशेब करा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. बोर्ड वाचायला दोन सेकंद लागले, तर गाडी ३३ मीटर डोळे मिटून गेली. आपल्या वाडीतले रस्ते कसे आहेत? दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट, आणि दर चार घरांमागे वळण. वळणापलीकडचं वीस मीटरवरचं दिसत नाही. त्यात भातकापणी झाली की आपणच गुरं उनाड सोडतो. रात्री डांबरावर बसलेली काळी म्हैस दिव्याच्या उजेडात येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. दोष सगळा पाहुण्यांचा नाही, हे मी मुद्दाम लिहितो.

आणि मांसाहारी मंडळींनी फार खूश होऊ नये. बर्फ वितळायच्या आत बाजार गाठायचा म्हणून मासळीचे टेम्पो कसे पळतात ते रस्त्याकडेच्या घरांना विचारा. गटारीच्या रात्री आपलेच चिरंजीव तिघे-तिघे एका दुचाकीवर बसून कुठे जातात, तेही ठाऊक आहे सगळ्यांना. कोंबडी कुणाच्या ताटात जाणार याची काळजी महिनाभर आधी, आणि चालवणारा शुद्धीवर आहे का, हे कुणी बघत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडला तरी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दहा हजारांत किती किलो मटण येईल, ते ज्याने त्याने मोजावं.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांतली दहापैकी सात अतिवेगामुळे. शाकाहारी किती, मांसाहारी किती, याची नोंद सरकार ठेवत नाही. कोंबड्या-वासरं तर या हिशेबात नाहीतच.

आणखी एक. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाप्रमाणे कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकाने ते पोलिसांना कळवायचं असतं, उशिरात उशिरा २४ तासांत. पुष्कळ जण आरशात बघून पुढे जातात. या गृहस्थांनी गाडी थांबवली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण सगळेच थांबत नाहीत. २६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आली आहे. वळणाआधी गतिरोधक हवा, हा विषय तिथे लेखी द्या. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येईलच असं नाही, हे मी नोकरीच्या अनुभवाने सांगतो.

राहिली ती कोंबडी. पाहुण्यांना ती चालत नव्हती. मी विचारलं, "आजी, तुम्ही तरी?" तर आजी म्हणाली, "आज शनवार, मारुतीचा वार. आमच्यात नाय कोण खात." शेवटी घरामागच्या माडाच्या मुळात खड्डा काढला. खड्डा मीच काढला. नात मूठ मिटूनच उभी होती.