मोटारीतले घड्याळ

जुन्या मोटारीतले घड्याळ बंद दिसले की ते कायमचेच गेले, असे म्हणायची आपल्याकडे रीत आहे. आम्हीही तेच म्हणत होतो. गेल्या महिन्यात आमच्या चाळीतल्या मेकॅनिक काकांनी आमचा हा गैरसमज काढला.

काकांच्या गॅरेजात १९५७ सालची शेव्हरोलेट आली. मालक म्हणाले, "घड्याळ काढून टाका, सेलवरचे बसवा." काका गप्प राहिले. त्यांचे वडील २० वर्षे ह्याच गाडीवर ड्रायव्हर होते. शेठ लग्नात जेवायला बसले की वडील बाहेर गाडीत, त्या घड्याळाकडे पाहत. पहाटेचे दोन वाजलेले त्यांनी त्यात कितीदा पाहिले असतील! काका एवढेच म्हणाले, "थोडी मुदत द्या."

रविवारी आम्ही सोबतीला बसलो. आधी बॅटरीची वायर सोडवली, मग घड्याळ काढले. ह्या घड्याळाला चावी द्यावी लागत नाही. आतली लहानशी स्प्रिंग मिनिट-दोन मिनिटांत उतरते, तसे दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, कॉइलमध्ये वीज जाते आणि तिच्या झटक्याने स्प्रिंग पुन्हा भरते. बॅटरी उतरलेली असली की झटका अपुरा पडतो, पॉइंट चिकटून राहतात आणि कॉइल तापते. ती जळू नये म्हणून अशा कित्येक घड्याळांत थोड्या उष्णतेनेच वितळणारा सोल्डरचा डाग असतो. तो सुटतो नि घड्याळ थांबते. इथेही तेच झाले होते.

काकांच्या पुतण्याने लगेच नेहमीचे सोल्डर तापवायला घेतले. काका ओरडले, "थांब रे! हा डाग वेळेवर वितळला नाही तर कॉइलच जाईल." हवे ते सोल्डर मिळवण्यात आठवडा गेला.

पुढच्या रविवारी डाग दिला. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने उजळले, सुकून चिकट झालेले तेल पेट्रोलने धुतले (तेव्हा जवळ विडी नको, हे सांगायला नकोच) आणि सुईच्या टोकाने घड्याळाच्या तेलाचा एकेक थेंब दिला. शिलाई मशीनचे तेल ओतणाऱ्यांची आम्हाला कीव येते!

मग पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी जोडली. १९५५ पूर्वीच्या शेव्हरोलेट ६ व्होल्टच्या, तिथे गल्लत करू नये.

खट्! चाक हलू लागले. दीडएक मिनिटाने पुन्हा खट्.

काकांनी काटे जुळवलेच नाहीत. बराच वेळ नुसते ऐकत बसले. मग म्हणाले, "बाबा सांगायचे, हा आवाज गाडीत डोळा लागू देत नाही."