हत्ती एकच, हक्क दोन

भवानी पेठ, सोलापूर : संगणकाच्या पडद्यावर मोजक्या रेषांत रेखाटलेला हत्ती कागदावर छापला, की त्याचे मुद्राचित्र होते. चित्रकार प्रतींची संख्या ठरवितो, प्रत्येक प्रतीवर क्रमांक घालून स्वाक्षरी करतो. तसाच हत्ती चादरीवर विणला, की ते केवळ 'डिझाइन' ठरते आणि रेखाटणारा अनामिक राहतो. हा भेद प्रतिष्ठेचा आहे, तसाच कायद्याचाही आहे.

ज्युलियन ओपी या ब्रिटिश चित्रकाराने संगणकावर रेषा कमी करीत माणसे आणि प्राणी चितारले. त्याची मुद्राचित्रे जगभर संग्राह्य मानली जातात. सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागांना मात्र हा काटकसरीचा रेखाविचार नवा नाही. जकार्ड मागासाठी नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरवावी लागे. तेथे वक्ररेषाही पायऱ्यापायऱ्यांनीच काढावी लागते. म्हणून मोराचा पिसारा वा हत्तीची सोंड मोजक्या चौकोनांत बसविणे हेच कौशल्य. आता त्या कागदाची जागा संगणकाने घेतली आहे.

विणकाम आणि मुद्रण यांतील सीमारेषा पूर्वीपासूनच पुसट आहे. 1839 मध्ये लियाँ येथे सुमारे 24 हजार छिद्रित पत्त्यांच्या साहाय्याने जकार्डचे रेशमी व्यक्तिचित्र विणले गेले. पाहणाऱ्यांना ते कोरीव ठशावरून छापलेले चित्र वाटे.

कायदा मात्र ही सीमा ठळक आखतो. कलाकृतीचा स्वामित्वहक्क कलावंताच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो. वस्तूवर वापरावयाच्या डिझाइनची नोंदणी केली नसेल, तर औद्योगिक प्रक्रियेने 50 हून अधिक प्रती निघताच त्यावरील स्वामित्वहक्क संपुष्टात येतो. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 'मायक्रोफायबर्स' खटल्यात कापडावरील नक्षी डिझाइन कायद्याच्याच कक्षेत ठेवली. 2000 च्या त्या कायद्यानुसार नोंदणी केल्यास 10 वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते. मात्र नक्षी बाजारात येण्यापूर्वीच अर्ज करावा लागतो.

सोलापुरी चादरीला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि, ते चादरीच्या नावाचे रक्षण करते, तीवरील हत्तीचे नव्हे. संगणकामुळे नक्षी काढणे जितके सुलभ झाले, तितकेच ती उचलणेही. एक फाइल हाती लागली, की नक्कल दुसऱ्या मागावर चढू शकते.

छोट्या कारखानदारांच्या संघटनांनी नोंदणीची सामायिक व्यवस्था उभारली, तर नकलेला काही अंशी आळा बसेल. तरीही मोबदला घेऊन काढलेल्या डिझाइनचा मालक कायद्याने काम देणाराच ठरतो; रेखाटणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. निदान चादरीच्या लेबलवर त्याचे नाव छापण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. मुद्राचित्राला जो मान एका स्वाक्षरीने मिळतो, त्याचा थोडा वाटा चादरीवरील हत्तीलाही मिळावयास हवा.